हलक्या सालाची जुनी बोर्दो: बाटली जिवंत आहे का, आणि कशी वाढावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांनी लंडनहून येताना फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशातल्या शातो लेओव्हिल बार्टन या घराण्याच्या रेड वाइनची 1997 सालची एक बाटली आणली, कारण भाचीचा जन्म 1997 चा. भाचीने सालाची माहिती शोधली तर जिथे तिथे ‘कमकुवत साल, लवकर संपवावं’ असंच लिहिलेलं. आता बाटलीत काही उरलंय का, आणि उरलं असेल तर पुढच्या महिन्यात वडिलांच्या साठीला बारा माणसांत ती कशी वाढायची, असं ही भाची विचारतेय.

आधी सरळ उत्तर देतो. बाटली नीट ठेवलेली असेल तर वाइन जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे. पण साठीच्या कार्यक्रमात ती उघडू नका. एखाद्या रविवारी दुपारी चौघं बसा, जेवण साधं ठेवा, वाइन सोळा अंशांच्या आसपास थंड करा आणि उघडल्यापासून तासा-दीड तासात संपवा. हलक्या सालाची जुनी वाइन बिघडते ती बहुतेक वेळा वाढणाऱ्याच्या हातून. थोर सालाच्या बाटलीला जे सोहळे शोभतात ते हिला सोसत नाहीत.

साल हलकं म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. 1997 साली बोर्दोत वसंत फार लवकर आला आणि वेली वेळेआधी फुटल्या. फुलोराही लवकर आला, पण मध्येच हवा बिघडली आणि तो लांबत गेला. पुढे काय होतं ते नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला समजावून सांगायची गरज नाही. गळ होते, शॉट बेरीज म्हणजे न वाढलेले बारीक मणी राहतात, एकाच घडात पिकलेला मणी आणि हिरवा मणी शेजारी शेजारी बसतात. उन्हाळा पावसाचा, ऑगस्ट उष्ण आणि दमट. सप्टेंबर बराचसा कोरडा गेला म्हणून साल हाती लागलं, पण सगळी द्राक्षं एकसारखी पिकली नाहीत ती नाहीतच. वाइन झाल्या त्या मऊ, टॅनिन (जीभ कोरडी करणारा तुरटपणा) कमी, आंबटपणाही बेताचा, तरुणपणीच पिता येतील अशा. वाईट म्हणता येणार नाहीत, पण 1982 किंवा 1990 च्या बोर्दोत जी खोली आणि जो दम असतो तो यांच्यात नाही.

गंमत म्हणजे त्या वर्षी बऱ्याच शातोंनी, म्हणजे वाइन घराण्यांनी, भाव मात्र चढेच काढले. 1996 चांगलं गेलं होतं, बाजार गरम होता, त्या जोरावर. मग माल व्यापाऱ्यांच्या गोदामात अडकला आणि पुढे उतरत्या भावाने निघाला. ‘1997’ या आकड्याची बदनामी जी झाली त्यात वाइनइतकाच त्या भावाचाही हात आहे, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट. 1997 हे साल बोर्दोत हलकं, पण त्याच वर्षी इटलीत तोस्काना आणि पिएमोंतेत, कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यात उत्तम पीक आलं, आणि पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातल्या पोर्ट ही गोड, कडक वाइन करणाऱ्या बहुतेक मोठ्या घराण्यांनी ते ‘व्हिंटेज’, म्हणजे खास चांगलं साल, म्हणून जाहीर केलं. त्यामुळे जन्मसाल खराब निघालं म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

सालाचे तक्ते असतात ते एका मोठ्या प्रदेशाची सरासरी सांगतात. घराणं कोणतं आणि बाटली कुठे राहिली, या दोन गोष्टी तक्त्यात नसतात, आणि हलक्या सालात सगळा फरक याच दोन गोष्टी पाडतात. चांगल्या साली कुणाचीही वाइन बरी होते. हलक्या साली कळतं की कोणी हिरवे मणी हाताने वेचून टाकले, कोणी कमजोर पिंपं बाजूला काढून घराण्याच्या दुसऱ्या, स्वस्त वाइनमध्ये घातली आणि कोणी तसंच सगळं एकत्र ढकललं. लेओव्हिल बार्टन सां-ज्युलियां गावचं, बोर्दोच्या 1855 च्या अधिकृत वर्गवारीत दुसऱ्या श्रेणीचं. मूळ आयर्लंडच्या बार्टन कुटुंबाकडे ते 1826 पासून आहे. या घराण्याचा स्वतःचा वाडा नाही. 1997 ची ही वाइनसुद्धा त्यांच्याच शेजारच्या लांगोआ बार्टनच्या तळघरात झाली. तेव्हा कारभार अँथनी बार्टन यांच्याकडे होता. भाव अवाच्या सवा लावायचे नाहीत ही त्यांची व्यापारात ख्याती. वाइनची घडण जुन्या वळणाची, कॅबरने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, थोडी करारी. अशा घराची हलक्या सालाची बाटली मला फॅशनेबल घराच्या बाटलीपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण मऊ सालातही तिला थोडा कणा असतो.

आता तुमच्या बाटलीकडे वळू. मामांना एकच प्रश्न विचारा: ही आजवर कुठे होती? लंडनच्या घराच्या तळघरात किंवा वाइन व्यापाऱ्याच्या गोदामात असेल तर निर्धास्त व्हा. स्वयंपाकघरातल्या कपाटात, रेडिएटरच्या वर असेल तर अपेक्षा कमी करा. आणि पुण्यात आल्यावर एप्रिल-मे तिने लाकडी शोकेसमध्ये काढले असतील तर तेवढ्या दोन महिन्यांनीही बरंच नुकसान झालं असेल.

बाटली न उघडताही काही गोष्टी कळतात. ती उजेडासमोर सरळ उभी धरा आणि वाइनची पातळी बघा. बोर्दोच्या बाटलीला मान आणि खांदा असतो. या वयात पातळी मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या टोकाला असेल तर उत्तम. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून हवा शिरलीय, जुगार आहे. बूच काठाच्या वर आलंय का, वेष्टणाखाली चिकट ओघळ सुकलेत का, तेही पाहा. ही उष्णता लागल्याची खूण. मग रंग बघा. कडेला विटकरी, मध्ये गडद लाल, हे वयाला साजेसं आहे. सगळीच चहासारखी तपकिरी दिसत असेल तर फारशी आशा ठेवू नका.

विमानप्रवासानंतर तिला दोन-तीन आठवडे शांत पडू द्या. घरात वाइन कॅबिनेट नसेल तर फ्रिजमध्ये ठेवलेली चालेल. वर्षानुवर्षं नाही, पण काही आठवडे शोकेसपेक्षा फ्रिज शतपटीने बरा. उघडायच्या दोन दिवस आधी तिला फ्रिजमध्येच सरळ उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. हा गाळ म्हणजे टॅनिन आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होऊन खाली बसलेली असतात, सोबत टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाचे, खडे. अपायकारक काही नाही. पण घोटात आला तर कडू लागतो, खरखरतो आणि नाजूक वाइनची चव झाकून टाकतो. भक्कम वाइन थोडा गाळ पचवते, ही पचवणार नाही.

उघडणं हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक गोंधळ इथे होतो. इतक्या वर्षांचं बूच भिजून मऊ झालेलं असतं. साधा लिव्हरवाला ओपनर त्याचे दोन तुकडे करतो. शक्य असेल तर दोन पात्यांचा ओपनर मिळवा, त्याला ‘आह-सो’ म्हणतात. आधी वरचं वेष्टण पूर्ण काढा, नुसती टोपी कापू नका, कारण ओतताना मान दिसायला हवी. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी असेल तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसून टाका. मग आह-सोचं लांब पातं आधी काच आणि बूच यांच्या फटीत सरकवा, नंतर आखूड. हात डावीकडे-उजवीकडे हलवत, एकेका पात्यावर हलका दाब देत दोन्ही खाली न्या. जोर लावायचा नाही. बूच सैल असेल तर जोराने ते आतच जातं. पाती पूर्ण खाली गेली की गोल पिळत पिळत वर ओढा. बूच अख्खं निघेल.

ते हलायला लागलं आणि आत सरकतंय असं वाटलं, तर थांबा आणि लांब मळसूत्राचा साधा ओपनर वापरा. तुटलंच तर उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरकं घाला. तेही जमलं नाही तर ढकला आत आणि वाइन गाळून घ्या. गाळायला स्टीलची बारीक चहाची गाळणी किंवा नुसत्या गरम पाण्यात धुतलेली मलमल घ्या. कॉफीचा फिल्टर पेपर नको, कागदाची चव उतरते. मलमलीला साबणाचा वास असेल तर तीही नको.

लगेच एक चमचाभर वाइन ग्लासात घ्या आणि नाकाने तपासा. पहिल्या मिनिटाला कोंदट, बंद खोलीचा, कधी थोडा गोठ्यासारखा वास येईल. एवढी वर्षं बंद असलेल्या बाटलीत हे होतंच, बहुधा पाच-दहा मिनिटांत उडून जातं. ओल्या पुठ्ठ्याचा, कुजट गोणपाटाचा वास मात्र वेगळा. तो हवेत कमी न होता वाढत जातो. बूच दूषित निघालं असं समजा, त्यावर इलाज नाही. ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास आला तर तो दोष नव्हे, कॅबरने पुरती न पिकल्याची ती खूण. वयाने तो फारसा जात नाही, पण जुन्या वाइनमध्ये तंबाखू आणि सुक्या पाचोळ्याच्या वासात मिसळला की मला तरी आवडतो. याबाबत माझं कुणाशी एकमत होत नाही.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात तो मुद्दा: डिकँट करायची का, म्हणजे आधी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची का? जुन्या बाटलीला दोन-तीन तास हवा द्यावी असं सांगणारे बरेच भेटतील. 1996 ची पोयाक गावची करारी वाइन असेल तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण हलक्या सालाच्या वाइनमध्ये जी सुगंधाची पुंजी असते ती थोडी असते आणि रुंद भांड्यात ती अर्ध्या तासात उधळते. बोर्दोचे थोर वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचं म्हणणं असं होतं की डिकँट गाळासाठीच करावं आणि तेही वाढायच्या अगदी तोंडावर. फ्रान्सचे संग्राहक फ्रान्स्वा ऑदूझ यांची रीत उलट: बाटली काही तास आधी उघडायची, पण ओतायची नाही, उभी तशीच ठेवायची, म्हणजे हवा फक्त मानेतल्या छोट्या वर्तुळातून लागते. अतिवृद्ध बाटल्यांना ती लागू पडते असं मीही पाहिलंय. तुमच्या बाटलीसाठी मी मधला रस्ता धरेन. पाहुणे बसायच्या अर्धा तास आधी उघडा, वास तपासा, तशीच उभी राहू द्या, आणि ताटं मांडताना गाळापासून वेगळी करा.

त्याला डिकँटरही लागत नाही. अरुंद तोंडाचा काचेचा स्वच्छ जग चालेल, फक्त धुण्याच्या पावडरीचा वास नको. मेणबत्तीऐवजी मोबाइलचा टॉर्च टेबलावर वर तोंड करून ठेवा, बाटलीची मान त्याच्यावर धरा आणि एकाच संथ ओघात ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केलीत तर गाळ परत ढवळतो. सुरुवातीला मानेतून स्वच्छ माणकासारखा लाल प्रवाह जाताना दिसेल. शेवटाकडे खांद्याजवळ धुराची बारीक रेघ सरकताना दिसली की थांबा. बोर्दोच्या बाटलीचा खांदा हा गाळ अडवायला मदत करतो. दोन-तीन टेबलस्पून मागे राहतील, राहू द्या.

तापमानावर आपल्याकडे हमखास चूक होते. रेड वाइन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या हीटर नसलेल्या जुन्या खोल्यांमधला आहे; पुण्याच्या ऑक्टोबरच्या दुपारी 30 अंशांत त्याला काही अर्थ नाही. त्या तापमानाला हलक्या सालाची वाइन नुसती अल्कोहोल आणि आंबट पाणी वाटते. 15 ते 16 अंशांना ग्लासात पडली पाहिजे. ग्लासात ती आपोआप दोन अंश चढते, म्हणून थोडी थंडच सुरुवात करा. बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये उभी असेल तर उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. थर्मामीटर नसेल तर बाटलीला हात लावा: गार लागली पाहिजे, पण बोटं आखडता कामा नयेत. टेबलाजवळ पंखा नाकावर सरळ येत असेल तर बंद करा, सगळा वास तो घेऊन जातो.

ग्लास मोठे, वर थोडे निमुळते, आणि भरायचे फार तर एक तृतीयांश. बाटलीत गाळ सोडून साधारण 700 मिली हाती लागते. चौघांत प्रत्येकी दोन ग्लास होतात, आणि तेच हवंय, कारण या वाइनची मजा पहिल्या ग्लासापासून दुसऱ्यापर्यंत ती कशी बदलते त्यात आहे. बारा माणसांत प्रत्येकाला चार घोट येतील, कोणी केक खाता खाता पिईल, कोणी ‘पातळच आहे की’ म्हणेल, आणि ते चूकही नसेल.

बरोबर दुसरी वाइन असेल तर क्रम उलटा करा. पुस्तकी नियम तरुण आधी, जुनी नंतर असा आहे. पण नाशिकची भरदार शिराज किंवा चिलीची कॅबरने आधी पिऊन झाली की 1997 ची ही बाटली बिचारी वाटणार. मी नेहमी हलक्या सालाची जुनी वाइन आधी वाढतो, फार तर तिच्यापूर्वी एखादी साधी कोरडी स्पार्कलिंग. जीभ ताजी असताना तिला न्याय मिळतो.

जेवणाचं सांगायचं तर तांबडा रस्सा त्या दिवशी नको. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही टोचायला लागतात आणि वाइनमधलं नाजूक ते सगळं गायब होतं. काळा मसाला, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर यांचंही तेच. पण आपल्याच स्वयंपाकात एक पदार्थ या वाइनसाठीच बनवल्यासारखा आहे, तो म्हणजे अळणी मटण. रश्श्याचा मसाला पडण्याआधीचं, मीठ-आलं-लसणात शिजलेलं. हळद जरा हात राखून घाला. ते तुपावर किंचित परतून, बाजूला उकडून भाजलेले बटाटे. सां-ज्युलियांच्या शेजारी पोयाकमध्ये या वाइनबरोबर कोवळं कोकरू भाजून खातात. त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे हेच. शाकाहारी मंडळींसाठी लोण्यावर परतलेली अळिंबी आणि मऊ भात. अळिंबीचा वास आणि जुन्या बोर्दोचा वास एकाच जातीचा आहे. चीज हवंच असेल तर सौम्य आणि घट्ट, निळ्या बुरशीचं नाही.

पिताना काय शोधायचं? फळाचा गोडवा शोधू नका, तो जाऊन बरीच वर्षं झाली. पेन्सिलला टोक करताना येतो तो देवदाराचा वास, जुनं चामडं, तंबाखूची पुडी, ओला पाचोळा, खाली कुठेतरी सुकलेलं काळं मनुकं. तोंडात ती हलकी वाटेल, 12.5 टक्के अल्कोहोलची वाइन असल्याने घशाला उष्ण लागणार नाही, आणि शेवट लांबणार नाही. इंग्रज व्यापारी अशा वाइनला ‘लंच क्लॅरेट’ म्हणतात (क्लॅरेट हे बोर्दोच्या रेड वाइनचं इंग्रजी नाव), म्हणजे दुपारी जेवताना पिऊन परत कामाला जाता येईल अशी. थोर सालाची बाटली बऱ्याचदा तीस वर्षांनीही पूर्ण उलगडलेली नसते, आणि उलगडते तेव्हा सगळ्या टेबलाने गप्प बसून तिच्याकडे लक्ष द्यावं अशी मागणी करते. हिच्याबरोबर मामा त्यांचे लंडनचे किस्से खुशाल सांगू शकतात.

दहाव्या मिनिटाला ती खुलेल, पाऊण तासापर्यंत बहुधा सर्वोत्तम असेल, त्यानंतर आंबटपणा वर यायला लागेल. तेव्हा ‘जरा वेळाने पिऊ’ म्हणून शेवटचा ग्लास राखून ठेवू नका. दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवणं तर नकोच. आणि बाटली मेलेली निघाली, म्हणजे नुसता शिळ्या सफरचंदाचा किंवा व्हिनेगरचा वास आला, तर दुसरी एक तरुण वाइन हाताशी तयार असू द्या. जुनी बाटली उघडताना पर्यायी बाटली घरात असायलाच हवी, थोर सालाची असली तरी.

राहिला साठीचा प्रश्न. तिथे तुमच्या जन्मसालाचंच काही ठेवायचं असेल तर मामांना पुढच्या खेपेला 1997 च्या व्हिंटेज पोर्टची एक बाटली आणायला सांगा. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून जी गोड वाइन मिळते तिच्याशी हिचा संबंध नाही. ही दोउरोची, सुमारे 20 टक्के अल्कोहोलची, आणि ते सालही तिकडे उत्तम गेलेलं. छोट्या ग्लासात 50 मिली प्रमाणे एका बाटलीत बारा जणांचं होतं, केकबरोबर चालते, गोंगाटात हरवत नाही आणि उरली तर दोन-तीन दिवस टिकते. फक्त तिचा गाळ बोर्दोपेक्षा दाट असतो, त्यामुळे दोन दिवस उभी करणं आणि टॉर्चवर ओतणं तिलाही सोडून चालणार नाही.